सोळा पायऱ्या



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये दहा दिवस आम्ही दोघं नागपुरात नव्हतो. मुलाने आणि सुनेने आग्रह करकरून आम्हाला मॉरिशसला नेलं. निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, तिथे तर नवीन लग्न झालेले जातात!" म्हटलं, आमच्या लग्नाच्या वेळी पचमढीला जायचेही पैसे नव्हते, तेव्हाचं आता वसूल करतो.

निळं पाणी आणि पांढऱ्या वाळूचे फोटो सूनबाईने घरच्या ग्रुपवर टाकलेच आहेत. ते सगळं खरंच तितकं सुंदर आहे, त्यामुळे मी त्यावर आणखी लिहीत नाही. मला वेगळीच गोष्ट सांगायची आहे. मी तीस वर्षांहून जास्त काळ शाळेत इतिहास शिकवला, आणि त्यातला एक धडा मी कायम अर्धाच शिकवत आले, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिथे जाऊन कळलं.

पण सुरुवात नागपूरपासूनच करावी लागेल. जानेवारी १९७५ मध्ये पहिलं विश्व हिंदी संमेलन आपल्या नागपुरात भरलं होतं, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने भरवलं होतं. उद्घाटनाला इंदिरा गांधी आल्या होत्या आणि प्रमुख पाहुणे होते मॉरिशसचे पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. आमच्या शाळेतल्या हिंदीच्या बाई मला ओढून घेऊन गेल्या. व्यासपीठ इतकं लांब होतं की कोण कुठे बसलं आहे ते बाईंनी सांगायचं आणि मी मान डोलवायची. "ते बघ, रामगुलाम! वडील बिहारमधून मजूर म्हणून गेले आणि मुलगा पंतप्रधान झाला." मला ते गोष्टीतल्यासारखं वाटलं. पण ते खरंच होतं. मोहित रामगुलाम हा अठरा वर्षांचा मुलगा १८७१ साली बोटीने मॉरिशसला गेला, मजुरीसाठीच.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की मॉरिशस म्हणजे भोजपुरी-हिंदी माणसांचा मुलूख. तिथे मराठी माणसं असतील, तीही आपल्या आजोबा-पणजोबांच्या आधीपासून, असं मला पुढची पन्नास वर्षं सुचलंही नाही.

आता त्या बेटाबद्दल थोडं. सगळं मिळून आपल्या नागपूर जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शाएवढं. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात, म्हणजे २०११ च्या शिरगणतीतल्या नागपूर शहराच्या निम्मी. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. माणसाची मूळ वस्ती अशी तिथे नव्हतीच. १५९८ मध्ये डच उतरले, त्यांनी आपल्या मॉरिस नावाच्या राजपुत्राचं नाव बेटाला दिलं, जावामधून ऊस आणून लावला, आणि शंभर वर्षांच्या आत बिचाऱ्या डोडो पक्ष्याचा वंश संपला. डच १७१० मध्ये सोडून गेले, १७१५ मध्ये फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रजांनी ते फ्रेंचांकडून घेतलं. पोर्ट लुई या राजधानीत बंदरासमोर एक पुतळा आहे. खालचं नाव वाचलं आणि मी जवळजवळ ओरडलेच, "अगं बाई, ला बूर्दोने!" कर्नाटकातल्या युद्धात १७४६ साली मद्रास जिंकणारा ला बूर्दोने. नववीच्या वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल हे नाव! हा गृहस्थ मुळात या बेटाचा गव्हर्नर. मद्रासवर चाललेलं ते आरमार इथूनच निघालं होतं. पुतळ्यासमोर म्हातारी एवढी का खूश झाली, हे आमच्या ड्रायव्हरला कळेना.

त्याच ड्रायव्हरने दुसऱ्या दिवशी आम्हाला ल मॉर्न दाखवला. समुद्रातून उठलेला उभा काळा कडा, साडेपाचशे मीटर उंच. मळ्यांवरून पळालेले गुलाम तिथे वर लपून राहत. आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून धरून आणलेली माणसं. तिथे अशी दंतकथा आहे की १८३५ साली गुलामगिरी उठली हे सांगायला शिपाई वर चढले, त्यांना बघून हे लोक समजले आता पकडणार, आणि कड्यावरून त्यांनी खाली उड्या टाकल्या. खरं-खोटं देव जाणे. पण २००८ मध्ये युनेस्कोने त्या डोंगराला जागतिक वारसा ठरवलं ते या पळून गेलेल्या माणसांसाठीच.

गाडी परत फिरली तेव्हा दोन्ही बाजूला ऊसच ऊस होता. ऑक्टोबर महिना, तोडणी चालू. आणि उसाच्या मधोमध ठिकठिकाणी काळ्या दगडांचे प्रचंड ढीग, काही तर एखाद्या दुमजली घराएवढे. आमचे हे म्हणाले, "एवढे दगड कोणी आणून टाकले?" ड्रायव्हर हसला. आणून टाकले नाहीत, तिथलेच. जमीन ज्वालामुखीची. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायचे, आणि ते वेचले गुलामांनी आणि नंतर हिंदुस्थानातून आलेल्या मजुरांनी, हाताने.

इथे एक गंमत सांगते. परत आल्यावर आमच्या शाळेतल्या जुन्या भूगोलाच्या सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "बाई, तो दगड आपलाच आहे." पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण वर आला, आपली सीताबर्डीची टेकडी ज्याची आहे तो, त्याच जागेने पुढे जमीन उत्तरेला सरकत गेल्यावर मॉरिशस घडवलं. आज ती जागा शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे सातारा-रत्नागिरीहून गेलेल्या माणसाने तिथे जाऊन उचलला तो दगडही एका अर्थी घरचाच. असो.

आता मुख्य गोष्ट.

पोर्ट लुईच्या बंदरावर 'आप्रवासी घाट' म्हणून जागा आहे. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत. १९८७ मध्ये नाव बदललं, आणि २००६ मध्ये तीही जागा जागतिक वारसा झाली. जागतिक वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजिंठा-वेरूळ येतं. इथे जे उरलं आहे ते सोळाशे चाळीस चौरस मीटर, एखाद्या शाळेच्या पटांगणाएवढं. १८४९ पासून बांधलेल्या मजूर डेपोचा हा उरलेला तुकडा. बाकीचा रस्त्याखाली आणि बांधकामाखाली गेला. काही भिंती, फाटकाची कमान, दवाखान्याच्या खोल्या, उघड्यावरचे संडास, आणि पाण्याकडून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या. सोळा. बोटीतून उतरलेला प्रत्येक माणूस या पायऱ्यांवरून वर आला. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसं हिंदुस्थानातून तिथे आली.

माझे गुडघे आता पायऱ्या म्हटलं की कुरकुरतात. मी वरच उभी राहिले आणि मोजत होते, तेवढ्यात माहिती देणाऱ्या मुलीने तारीख सांगितली. २ नोव्हेंबर १८३४. 'अॅटलस' नावाचं जहाज, कलकत्त्याहून, छत्तीस मजूर. आणि त्या बेटावरची गुलामगिरी संपली १ फेब्रुवारी १८३५. तीन महिन्यांनी.

मंडळी, त्या तीन महिन्यांनी माझ्या पोटात गोळा आला. कारण वर्गात मी काय शिकवत होते? १८०७ मध्ये इंग्लंडने गुलामांचा व्यापार बंद केला, १८३३ मध्ये गुलामगिरीच बंद केली. विल्बरफोर्सची गोष्ट तर मी रंगवून सांगत असे. म्हातारा आजारी होऊन पडलेला, कायदा मंजूर होणार ही बातमी त्याला कळते आणि तीन दिवसांनी तो प्राण सोडतो. मागच्या बाकावरची मुलंही गप्प होत. मग मी खडू ठेवायची आणि पुढचा धडा घ्यायची.

आता मालकांचं काय झालं ते बघा. ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती गुलामांच्या मालकांना. एकट्या मॉरिशसच्या मळेवाल्यांच्या वाट्याला वीस लाखांवर पौंड आले. गुलामांना काय मिळालं? आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे 'उमेदवारी', आणि मग मोकळे. ते मळ्यांत थांबायला तयार नव्हते, कोण थांबेल? इकडे साखरेला तर भाव चढलेला. मग मळेवाल्यांनी समुद्रापलीकडे पाहिलं. तिथे आपण होतो.

सरकारने याला नाव दिलं होतं 'महाप्रयोग'. गुलामाऐवजी मोकळा मजूर ठेवून साखर पिकते का, हा प्रयोग. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, कपडे. तो ॲग्रीमेंटचा कागद म्हणजे 'गिरमिट', आणि त्यावर अंगठा देणारा 'गिरमिट्या'. (आपल्या मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. लहानपणी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटायचं, हे सगळे सुतार असावेत.) प्रयोग मळेवाल्यांच्या दृष्टीने यशस्वी झाला. तोच नमुना पुढे गयाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी असा जगभर गेला.

त्या छत्तीस जणांबद्दल एक मजेदार घोटाळा सांगायला हवा. ते लोक 'छोटा नागपूर'चे आणि 'धांगर'. हे वाचून आमचे हे इतके खूश झाले की विचारू नका. "पाहिलं? पहिले गेले ते नागपूरचे धनगर!" मग मला मास्तरकी करावी लागली. छोटा नागपूर म्हणजे झारखंडचं पठार. आणि इंग्रजांच्या कागदातले 'धांगर' म्हणजे तिथले उराँव वगैरे आदिवासी, जे बंगालच्या नीळ-मळ्यांत मजुरीला येत. आपल्या मेंढरांमागच्या धनगरांशी त्यांचा संबंध नाही. ह्यांचा चेहरा पडला, पण मग म्हणाले, "बरं, मग आपले कधी गेले?"

त्या प्रश्नाने मला कामाला लावलं. सोप्या भाषेत सांगायचं तर आपले दोन दारांनी गेले. पहिलं दार तुरुंगाचं. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून सुमारे पंधराशे कैदी मॉरिशसला काळ्या पाण्यावर धाडले गेले. त्यांच्याकडून रस्ते आणि पूल बांधून घेतले. चार्ल्स डार्विन १८३६ साली जहाजावरून तिथे उतरला होता, त्याने या हिंदी कैद्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. दुसरं दार कराराचं. मजूर नेताना चाललेल्या फसवणुकीचा बोभाटा झाला, म्हणून मध्ये काही वर्षं ही निर्यात बंद होती. १८४२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा कलकत्ता आणि मद्रासच्या जोडीला मुंबई बंदरही होतं. मुंबईहून गेलेले एकूण आकड्यात दहात एकाहूनही कमी. पण त्यांत रत्नागिरीचे, साताऱ्याचे, असे कोकणातले आणि घाटावरचे लोक होते. १८६० नंतर मुंबईहून जाणं जवळजवळ थांबलं.

करार कागदावर बरा दिसतो. खरी गोम कागदाच्या मागे होती. एक दिवस कामावर गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी पडलं तरी तेच. करार संपवून मोकळा झालेला मजूरही रस्त्यावर दिसला तर त्याच्याकडे फोटो लावलेला पास हवा. नसला की भटक्या म्हणून तुरुंग. १८६७ च्या कायद्याने हे इतकं कडक केलं की एका गोऱ्या माणसालाच ते सहन झालं नाही. आदोल्फ द प्लेव्हित्झ त्याचं नाव. त्याने १८७१ मध्ये जुन्या मजुरांचा अर्ज लिहून दिला, त्यावर ९४०१ जणांची नावं होती. मळेवाल्यांनी त्याला भर रस्त्यात मारहाण केली. पण इंग्लंडहून चौकशी आयोग आला, आणि १८७५ मध्ये त्याने अहवाल दिला की हे म्हणतात त्यात तथ्य आहे.

याचं मराठी टोक मला परत आल्यावर सापडलं, आणि तिथे मी जास्त शरमले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९३ मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत परदेशी जाणाऱ्या मजुरांवर एक निबंध वाचला होता. रानड्यांना ही गोष्ट एकंदरीत चांगली वाटत होती. इथे दुष्काळ, जमिनीवर माणसांचा बोजा. बाहेर गेले तर चार पैसे कमावतील, असा तो विचार. रानड्यांना मी वाईट म्हणणार नाही, त्यांनी आकडे बघितले. पण त्यांचेच शिष्य गोखले. त्यांनी १९१० मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात ठराव आणून नाताळला मजूर धाडणं बंद करायला लावलं, आणि ४ मार्च १९१२ ला ही गिरमिट पद्धत सगळीकडेच बंद करा असा ठराव मांडला. ही पद्धत गुलामगिरीच्याच जातीची आहे, ती देशाचा अपमान करणारी आहे, असा त्यांचा सूर होता. सरकारी मतांनी तो ठराव पडला. गोखले १९१५ मध्ये गेले आणि १९१७ मध्ये भरती थांबली.

आणि गोखल्यांचा जन्म कुठला? रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरजवळच्या कोतळूकचा! ज्या जिल्ह्याची माणसं त्या बोटींत बसून गेली, त्याच जिल्ह्याचा माणूस पन्नास-साठ वर्षांनी कायदेमंडळात उभा राहिला. मी गोखले शिकवले ते मवाळ गोखले, भारत सेवक समाज, १९०५ चं बनारस अधिवेशन, गांधीजींचे राजकीय गुरू. मुलांना परीक्षेत टीपा लिहा म्हणून विचारले. त्या टीपेत हा ठराव कधीच नव्हता. पुस्तकात नव्हता म्हणून, असं मी म्हणू शकते. पण विल्बरफोर्सच्या मरणाची गोष्ट तरी कुठे पुस्तकात होती? ती मी वाचून शोधून सांगायचेच ना?

आता बेटावर परत. एवढं कळल्यावर मी मुलाला म्हटलं, मला आणखी एकही धबधबा दाखवू नको, मराठी माणसं दाखव. बेटाच्या पश्चिमेला आणि मधल्या उंच भागात त्यांची वस्ती आहे. कॅस्काव्हेल नावाच्या गावात मराठी मंदिर आहे, मोकाला महाराष्ट्र भवन आहे. तिथे २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा बसवला, देवेंद्र फडणवीसांच्या हस्ते. गणेशचतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. पहिला गणपती १८९६ साली आंरिएता या गावी भिवाजी नावाच्या घराण्याने बसवला असं तिथे सांगतात. टिळकांचा सार्वजनिक गणपती १८९३ चा, हे लक्षात घेतलं की अंगावर काटा येतो. कोकणातली जाखडी, आपण जिला बाल्या नाच म्हणतो, तीही तिथे 'झाकरी' म्हणून जिवंत आहे. आणि हे सगळं करणारी माणसं घरी आपसात बोलतात क्रिओल. फ्रेंचच्या मुशीतली, गुलामांनी घडवलेली ती भाषा. कित्येक मराठी घरं मध्यंतरी भोजपुरीही बोलत होती. आजूबाजूला तेच जास्त.

मंदिरात एक बाई भेटल्या, माझ्याच वयाच्या. स्कर्ट-ब्लाउज घातलेला, कपाळाला कुंकू. मी मराठीतून विचारलं, तर त्या सावरून बसल्या आणि एकेक शब्द नीट ठेवत म्हणाल्या, "आपण कोठून आलात? आपला प्रवास सुखाचा झाला का?" मला हसू आलं आणि रडूही. ही पुस्तकातली मराठी होती, शाळेत शिकलेली. मॉरिशसच्या प्राथमिक शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे आणि मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत ती पुढेही शिकवतात. त्यांच्या आईला बोलीतली मराठी थोडी येत असे, ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. मग त्यांनी मोठेपणी वर्गात बसून बाराखडी गिरवली. आता नातही शिकते. नातीला पुढे ढकललं, तिने घडाघडा आरती म्हणून दाखवली, आणि आरती संपल्याबरोबर आजीच्या कानात क्रिओलमध्ये काहीतरी कुजबुजली. "ती विचारते, आता जाऊ का," आजी म्हणाल्या.

माझी स्वतःची नात नागपुरात इंग्रजी शाळेत जाते, मैत्रिणींशी हिंदी बोलते, आणि माझ्याशी मराठी बोलताना मध्येच अडते. बर्डीवर भाजी घेताना मी स्वतः "कैसे दिया?" विचारते. तेव्हा मी त्या नातीच्या कुजबुजण्यावर काही बोलले नाही.

मग चहा आला, सोबत डाळपुरी. चण्याची नव्हे, पिवळ्या वाटाण्याची डाळ भरलेली पातळ पोळी, आपल्या पुरणपोळीची गुळाविना सख्खी बहीण. खाता खाता बाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला एक कागद काढला. महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत, १८६० च्या दशकापासूनचे फोटोही आहेत. वंशजांना त्यातून आपल्या माणसाची नोंद काढून मिळते. हा त्यांच्या खापरपणजोबांचा कागद. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, गाव. आडनाव नाही. बोटीवर चढताना आडनाव विचारलंच नव्हतं. पुढे नावाचंच आडनाव झालं, आजवर तेच चालू आहे. जिल्ह्याच्या रकान्यात रत्नागिरी असावं असं इंग्रजी स्पेलिंग होतं. गावाच्या रकान्यात पाच-सहा अक्षरं, शेवटचं शाईत विरघळलेलं.

"आपण महाराष्ट्रातल्या आहात. हे गाव कोणते, ते मला सांगा," त्या म्हणाल्या.

मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मी विदर्भातली, नागपूर सोडून फारशी कुठे राहिले नाही. रत्नागिरीला लहानपणी एका लग्नाला गेले होते तेवढंच. त्यांना काय ठाऊक की नागपूरहून रत्नागिरी किती लांब! त्यांच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे एक गाव. इंग्रज कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेलं ते नाव 'पाली' असू शकतं, असं मी म्हटलं. त्यांनी तो शब्द तीन-चार वेळा स्वतःशी म्हटला. पाली, पाली. मग मला लगेच भीती वाटली, कारण मी वर्गात बोर्डावर चुकीचं उत्तर लिहिल्यासारखं झालं होतं. म्हटलं, थांबा, घरी जाऊन नकाशा बघते आणि मग कळवते. नातीने कागदाचा फोटो माझ्या फोनवर पाठवला.

गेले तीन आठवडे तोच उद्योग चालू आहे. भूगोलाचे सर पुन्हा कामाला लागले. रत्नागिरी तालुक्यात पाली आहे, हातखंब्याच्या पुढे. लांजा तालुक्यात पालू आहे. गुहागरकडे पालशेत आहे. सर म्हणतात, जुना रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात आला, तेव्हा यादी आणखी वाढेल. ह्यांचं मत पालशेत, कारण समुद्राकाठचं, बोटीवर जाणं सोपं. मी म्हणते, शाईत विरघळलेलं अक्षर एकच आहे, 'शेत' एवढं मावत नाही.

मॉरिशसहून परवा निरोप आला. आवाजाचा निरोप, नातीचा, आजीने शिकवून पाठ करून घेतलेला असावा. "आजी, नमस्कार. आमचे गाव सापडले काय?"

जानेवारीत भाचीकडे कोल्हापूरला जायचंच आहे. तिथून आंबा घाट उतरून पालीला जाता येतं, एस.टी. आहे. ह्यांना गुडघ्याच्या पट्ट्या घ्यायला सांगितल्या आहेत. आधी पाली बघू, मग पालू.